चांदबिबीचा शेवट गाळावा का?

प्रश्न : मी पारनेर तालुक्यात चौथीला शिकवते. वर्गात नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची गोष्ट सांगितली. शेवट ऐकून एक मुलगी रडली, एक मुलगा हसला. पुढच्या वर्षी शेवट गाळू का?

उत्तर : ताई, गाळू नका. रडणारी मुलगी गोष्टीत पुरती शिरली होती. हसणाऱ्यालाही रागावू नका. भीती लपवायला मुलं पुष्कळदा हसतात. ‘तुला काय वाटलं?’ एवढंच हळू विचारा, आणि उत्तराची वाट बघा.

1595-96च्या वेढ्यात मोगलांच्या सुरुंगाने नगरच्या भुईकोट किल्ल्याचा तट फुटला. चांदबिबीने उभं राहून रातोरात तो बुजवून घेतला. तोफगोळे संपल्यावर तिने सोन्या-चांदीची नाणी तोफांत भरली, ही लोककथा. ‘हे लोक सांगतात’ आणि ‘हे घडलं’ यांतला फरक चौथीच्या मुलांना समजतो, तो सांगाच. नगरजवळच्या डोंगरावरचा ‘चांदबिबी महाल’ही मुळात सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे! मुलांना असलं कळलं की प्रश्नांची झुंबड उडते.

आता शेवट. 1600 मध्ये चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं. मुलं इथेच अडखळतात, कारण शत्रूने मारणं त्यांना कळतं, आपल्यांनी मारणं नाही. सरळ सांगा : ती मोगलांशी तहाची बोलणी करत होती, म्हणून लोकांना ती फितूर वाटली. मग चित्रं काढू द्या, भूमिका करू द्या. फक्त शाळा सुटायच्या तासाला ही गोष्ट नको. रडू आवरायला, बोलायला वेळ उरला पाहिजे.