बुरशीचे घर

पिंपरीला १९५४ साली सरकारने औषधांचा कारखाना काढला. त्याचे नाव हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स. तेथील डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्म जंतू सापडला. त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. त्यापासून 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध निघाले. तोंडातल्या बुरशीवर ते उपयोगी पडले.

पण बुरशी मोठी हिकमती! ओल्या जागी ती चिकट थर करून राहते. त्या थरातून औषध नीट आत शिरत नाही. दातांच्या कवळीवर असा थर पुष्कळदा बसतो. नुसती चूळ भरून तो निघत नाही.

मग करावे काय? रिठ्याच्या फेसाने ओशटपणा सुटतो, हे आपण जाणतोच. काही जंतूही असाच साबणासारखा पदार्थ तयार करतात. त्याने बुरशीचा थर सैल होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. थर सुटला की औषधाला वाट मिळते.

हे प्रयोग चालू राहोत. तोवर आम्ही कवळीवाले रोज रात्री कवळी काढतो, ब्रशने घासतो, स्वच्छ पाण्यात ठेवतो. तोंडात पांढरे डाग दिसले, आग झाली, तर दवाखाना गाठतो. थर बसूच दिला नाही, तर बुरशीला घर कुठले?