अंबाड्याविषयीं थोडेंसें

आपल्या भाषेंत 'खोपा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सुगरण पक्षी झाडास टांगतो तें घरटेंही खोपा आणि स्त्रिया केस गुंडाळून बांधतात तोही खोपा. आंतील नाजूक वस्तु वाऱ्यापावसापासून जपणें हें दोहोंचेंही काम. पौलानें करिंथकरांस लिहितांना स्त्रीच्या लांब केसांस तिचें वैभव मानिलें. तें राखावें कसें, हें मात्र घरींच शिकावें लागतें.

केस महिन्यास सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचें टोंक ५ वर्षांचें जुनें असतें. इतकीं वर्षें फणी, ऊन व धूळ सोसलेलें तें टोंक सहज दुभंगतें. अंबाड्यांत तें झांकलें जातें, म्हणून केस टिकतात. परंतु टोंकें जपतांना मुळांवर ओढ बसली तर लाभापेक्षां हानि अधिक. ग्रीनलंडांतील स्त्रिया डोक्यावर केस घट्ट ओढून बांधीत. त्यामुळें त्यांचे केस विरळ झाल्याचें ट्रेबिच नांवाच्या ऑस्ट्रियन वैद्यानें १९०७ सालीं नमूद केलें. कानशिलांजवळ तोकडे केस दिसूं लागणें, मुळांशीं बारीक पुटकुळ्या येणें, ह्या पहिल्या खुणा होत. वेळींच बांधणी सैल केली तर केस पुन्हां उगवतात; वर्षानुवर्षें दुर्लक्ष केलें तर मूळच नष्ट होतें व ती जागा कायमची उघडी राहते.

येथें माझें मातांशीं, आणि आम्हां शिक्षकांशींही, थोडें भांडण आहे. नीटनेटकें म्हणजे घट्ट, अशी आपली समजूत झाली आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मुलगी "डोकें दुखतें" म्हणते आणि आपण तिला "जरा सोस" म्हणतों! तें दुखणें ही देहानें दिलेली सूचना आहे. ती ऐकून अंबाडा तत्काळ सैल करावा.

शिकेकाईनें धुतलेले केस पुरते वाळूं द्यावेत. ओला केस अधिक ताणला जातो व तुटतो. कोल्हापुरांत आषाढामध्यें केस वाळतां वाळत नाहींत; तेव्हां न्हाण्यास सुटीचा दिवस निवडावा. न्हाण्यापूर्वीं खोबरेल लावावें. तें केसाच्या आंत मुरतें व धुतांना होणारी झीज कमी करितें. मोठ्या दातांच्या फणीनें प्रथम टोंकांचा गुंता काढावा, मग वर यावें. कुरळे केस कोरडे असतां विंचरूं नयेत; ते किंचित् ओलसर असतां तेलाच्या बोटांनींच मोकळे करावे व मग वाळूं द्यावे. नंतर सर्व केस मानेवर घेऊन हलका पीळ द्यावा, गुंडाळावे व चार-पांच आकडे लावावे. रबर नको, तें केस कापतें. भुंवया वर उचलून पाहाव्या : कपाळाची कातडी ओढली जात असेल तर अंबाडा सोडून पुन्हां घालावा. रोज एकाच जागीं बांधूं नये. रात्रीं तो सोडून सैल वेणी घालावी.

गजरा माळावयाचा असल्यास तो आकड्यांत अडकवावा, दोऱ्यानें केसांच्या बटेस आवळूं नये.