ऑपरेशनच्या सकाळचा चहा

इथे एडिनबऱ्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. पत्रात स्पष्ट लिहिलेलं : सहा तास आधीपासून खाणं बंद, दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल. काकूंनी रात्रीपासून कडक उपास केला. पहाटे अंघोळ, देवपूजा, थोडंसं पंचामृत आणि नेहमीचा अर्धा कप चहा. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. घरचे रागावले तेव्हा काकू म्हणाल्या, "चहा म्हणजे काय खाणं आहे का?"

मला हा प्रश्न फार आवडला. उत्तर असं की, हो, आपला चहा हे खाणंच आहे.

जागेपणी घशात काही चुकीच्या वाटेने गेलं की ठसका लागतो. पूर्ण भूल दिल्यावर ही प्रतिक्षिप्त क्रिया बंद होते आणि अन्ननलिकेच्या तळाचा स्नायूही सैलावतो. मग जठरातलं आम्ल आणि अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये असं घडतं तेव्हा नेमकं काय होतं, ते न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी 1946 साली मांडलं. आज हे क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेतू शकतं.

पाणी जठरात फार रेंगाळत नाही. साधारण 10 ते 20 मिनिटांत निम्मं पुढे सरकतं. दुधाचं तसं नाही. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो, तेच काम जठरातलं आम्ल करतं. केसीन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि प्यायलेलं दूध घन अन्नासारखं वागू लागतं. शिवाय दुधातली चरबी लहान आतड्यात पोचली की तिथून जठराला 'जरा दमानं' असा निरोप जातो.

गोंधळ खरा भाषेचा आहे. इथल्या नर्सच्या डोळ्यांसमोर 'टी' म्हणजे कोरा चहा, फार तर वर दुधाचा एक थेंब. चहात पाचवा भागापर्यंत दूध असेल तर 2011च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना त्याला पाण्यासारखंच मानतात. अनेक रुग्णालयं तेवढंही चालवून घेत नाहीत. आपल्या चहात निम्मं दूध! म्हणून विचारलं तर नुसतं 'टी' म्हणू नका, दूध किती ते सांगा. पंचामृतात तर दूध, दही, तूप सगळंच आलं.

गंमत म्हणजे या चहाला एडिनबऱ्याचा इतिहास आहे. 4 नोव्हेंबर 1847 रोजी इथल्या क्वीन स्ट्रीटवर जेम्स यंग सिम्प्सन यांनी जेवणानंतर मित्रांसोबत क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं. तीनच महिन्यांत, जानेवारी 1848मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. शुद्धीवर आणायला तोंडात ओतलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने ती गुदमरली, असं सिम्प्सन यांचं म्हणणं होतं. खरं कारण काय, यावर वाद अजून आहे. पुढे जोसेफ लिस्टर यांनी (हे काही वर्षं एडिनबऱ्यात प्राध्यापक होते) 1883 साली लिहिलं की जठरात घन काही नसावं, पण दोन तास आधी कपभर चहा द्यायला हरकत नाही. आजचा नियम जवळपास तोच आहे!

मधल्या काळात 'मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही' अशी प्रथा पडली आणि आपल्याकडचे बरेच जण अजून तीच पाळतात. उगाच तहानलेलं राहिल्याने मळमळ, डोकेदुखी वाढते. इथे शेजारच्या डंडीत तर ऑपरेशनला नेईपर्यंत तासाला एक छोटा पेला, म्हणजे 170 मिलिलिटर, पाणी घोट घोट पिऊ देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती इतरत्रही पसरली. तुमच्या पत्रात जे लिहिलं असेल ते मात्र अंतिम.

मधुमेह असेल तर आधीच फोन करा. जुन्या मधुमेहात जठर मंदावलेलं असू शकतं. सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शनंही ते मंदावतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उपाशीपोटी रक्तात आम्लता वाढवू शकतात. कोणती गोळी कधी थांबवायची हे स्वतः ठरवू नका, आणि गावाहून आणलेली चूर्णं, काढेही सांगा.

आणि चुकून चहा प्यायलाच गेला, तर लपवू नका. किती वाजता, किती, एवढं सांगितलं की भूलतज्ज्ञ पुढचं ठरवतात. काकूंनी तेच केलं होतं, म्हणून तर ऑपरेशन पुढे गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी पहाटे कोरा चहा घेतला. "काढा बरा" म्हणाल्या.