लहान गावात लॅटिन डान्सचा क्लास निवडताना



तालुक्याच्या गावातही आता ‘लॅटिन डान्स’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत एक क्लास पटला नाही तर दुसरा मिळतो. लहान गावात क्लास असतो एक, फार तर दोन. म्हणून आपला खरा प्रश्न असा की, आहे त्या क्लासला मुलाला घालावं का? याचं उत्तर फी भरण्याआधी एक पूर्ण तास तिथे बसून पाहिलं की मिळतं. बसल्यावर काय पाहायचं, ते आज समजून घेऊया.

१. नेमका कोणता नाच?
‘लॅटिन डान्स’ हे एका नाचाचं नाव नाही. साल्साची मुळं क्युबाच्या संगीतात आहेत. तो न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आणि क्युबन लोकांमध्ये १९६०-७० च्या दशकांत घडला. बचाता डोमिनिकन रिपब्लिकमधला. स्पर्धेच्या ‘लॅटिन’ गटात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह हे पाच नाच येतात. साल्सा त्यात नसतो. झुंबा हा मुख्यतः व्यायामाचा प्रकार आहे. व्यायाम म्हणून चांगलाच, पण तो केल्याने जोडीने नाचता येत नाही. तेव्हा सरांना किंवा मॅडमना सरळ विचारा, “तुम्ही यातलं काय शिकवता?” “मला साल्साच येतो, बाकीचं नाही,” असं सांगणारे शिक्षक विश्वासाचे समजा.

२. नाच शिकवतात की बसवतात?
हा फरक आपल्याला गॅदरिंगमुळे चांगला ठाऊक आहे. एकच गाणं महिनाभर घोटलं की नाच बसतो. गाणं बदललं की मूल जागेवर उभं! साल्सात आठपर्यंत मोजतात. नेहमीच्या पद्धतीत एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सातवर पाऊल पडतं, चार आणि आठवर थांबायचं. बचातात चौथ्या आकड्याला पाऊल न टाकता नुसता टेकवतात. वर्गात ही मोजणी ऐकू येते का? जोडीदार बदलून सराव होतो का? चुकलेल्या मुलाजवळ शिक्षक थांबतात की पहिल्या रांगेकडेच बघतात? स्टेजवरचा कार्यक्रम पाहून यातलं काहीच कळत नाही.

३. स्पर्शाचे नियम
हा जोडीचा नाच आहे, हात धरावा लागतो, पाठीवर हात ठेवावा लागतो. म्हणूनच हात कुठे आणि का ठेवायचा हे शिक्षकांनी आधी सर्वांसमोर सांगायला हवं. “मला याच्याबरोबर नाचायचं नाही,” असं म्हणण्याची मुलाला मोकळीक हवी. मुलगी-मुलगी, मुलगा-मुलगा अशा जोड्यांनीही हा नाच शिकता येतो. हट्टाने मुलगा-मुलगी जोडी लावायची गरज नाही. पालकांना आत बसू न देणारा किंवा मुलाला एकट्याला बंद खोलीत शिकवणारा क्लास असेल, तर घरी परत या. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे आणि डान्स क्लास त्याला अपवाद नाही. मुलांचे रील्स टाकण्यापूर्वी तुम्हाला विचारतात का, हेही पाहा. लहान गावात व्हिडिओ घरोघरी पोचायला वेळ लागत नाही आणि चिडवणं शाळेत मुलांनाच सोसावं लागतं.

४. फरशी आणि बूट
लाकडी फरशी मिळाली तर उत्तम, पण बहुतेक ठिकाणी टाइल्स किंवा शहाबादीच असते. ती ओली, तेलकट नसावी. घट्ट पकडीचे स्पोर्ट्स शूज गिरकी घेताना जमिनीला चिकटतात आणि पीळ गुडघ्याला बसतो. नुसत्या मोज्यांवर पाय घसरतो. याबद्दल शिक्षक पहिल्याच दिवशी बोलतात का? आधी शरीर सैल करून घेतात का?

५. फी
सहा महिन्यांची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, पावती घ्या. स्पर्धा, ड्रेस, वार्षिक कार्यक्रम यांचा खर्च वेगळा आहे का, ते आधीच विचारून घ्या.

एखादी गोष्ट कमी असेल, तर दोन-चार पालकांनी मिळून शिक्षकांशी बोलावं. फरशी, बूट, फी यांत सुधारणा होऊ शकते. स्पर्शाच्या नियमात मात्र तडजोड नको. तिथे गावात दुसरा क्लास नसला तरी नाही म्हणावं.

पालकांसाठी कृती: महिन्याभराने घरी मुलाने कधी न ऐकलेलं साल्साचं गाणं लावा आणि त्याला म्हणा, “मला पहिली आठ पावलं शिकव बघू.” त्याने मोजत मोजत तुम्हाला नाचवलं, तर क्लास चांगला चालला आहे!