विरघळणारा टाका आणि आपला व्यापार

देवनारचा कत्तलखाना 1971 साली सुरू झाला. तेथून निघणारी आतडी धुऊन, खरवडून विकणे हा आपल्या काही बांधवांचा जुना धंदा आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात आतड्याचीच. पोटातले टाकेही शेकडो वर्षे त्याच तातीने घातले जात. अंदलुसचे नामवंत जर्राह अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू 1013) यांनीही आतडे शिवण्यास तात वापरल्याचे सांगतात. युरोपात गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने 2001 च्या सुमारास ही तात रुग्णालयांतून गेली. आपल्याकडेही कृत्रिम धाग्याने तिची बरीच जागा घेतली आहे. खाडीपलीकडे नवी मुंबईत औषधे व शस्त्रक्रियेचे सामान विकणाऱ्या वाचकांनी हा धागा नीट समजून घ्यावा, म्हणून आजचा हा धडा.

तात शरीरातील पाचक द्रव्यांनी विरते. ती कोणाच्या अंगात लवकर विरते, कोणाच्या उशिरा, आणि जखम पिकली तर फारच लवकर. साधी तात आठ-दहा दिवसांतच ढिली पडते. 1970 च्या सुमारास अमेरिकेत पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा बाजारात आला, 1974 साली व्हिक्रिल आला. व्हिक्रिलमध्ये ग्लायकोलाइड 90 भाग व लॅक्टाइड 10 भाग असते. हा धागा तुटतो तो केवळ पाण्याने. दोन आठवड्यांनी त्यात सुमारे पाऊण ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि 56 ते 70 दिवसांत तो शरीरात नाहीसा होतो. तातीपेक्षा हा हिशेब पुष्कळच भरवशाचा आहे.

भिवंडीच्या मागवाल्यांना याची बनावट परकी वाटू नये. वितळलेला पदार्थ बारीक छिद्रांतून काढून तंतू ओढतात, ते ताणतात, मग अनेक तंतूंची नाडीसारखी वेणी घालतात. सुईला नेढे नसते. तिच्या मागच्या टोकाला भोक पाडून त्यात धागा बसवतात व दाबून पक्का करतात. हे मोठे नाजूक कसब आहे.

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. जे पाणी अंगात धागा तोडते, तेच जुलै महिन्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हवेतही असते. म्हणून धागा कोरडा करून ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद करतात आणि 25 अंशांच्या आत ठेवण्याची सूचना छापतात. पत्र्याखालच्या गोदामात ही सूचना कोण पाळतो? पाकिटाला टाचणीएवढे छिद्र पडले तरी दमट हवा आत शिरते. धागा वरून जसाच्या तसा दिसतो, पण ताकद गेलेली असते. त्याचे नुकसान दुकानदाराला दिसत नाही, ज्याचे पोट शिवले त्याला भोगावे लागते.

निर्जंतुक करण्याचेही तसेच. ट्रॉम्बेला 1974 साली आयसोमेड हे गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करणारे केंद्र सुरू झाले. ते सांभाळणाऱ्या ब्रिट या सरकारी संस्थेचे ठाणे आपल्या वाशीत आहे. तातीला हे किरण चालतात. पॉलिग्लायकोलिक धाग्याच्या साखळ्या मात्र त्यांनी तुटतात, म्हणून त्याला इथिलीन ऑक्साइड वायू देतात. हा वायू विषारी व ज्वालाग्राही असतो आणि नंतर मालातून पूर्ण काढावा लागतो. छोट्या कारखान्याने हे काम घरच्या घरी करण्याचा विचारही करू नये. सुई आणि वेष्टन या कामांत मात्र आपल्या कारागिरांना जागा आहे असे आम्हांस वाटते.

टाक्यांचा धागा पूर्वीपासून औषध कायद्याखाली येतो, आता वैद्यकीय उपकरण नियम 2017 लागू आहेत. तेव्हा परवान्याशिवाय या मालाला हात लावू नये. बाजारात फुटलेल्या खोक्यातली पाकिटे निम्म्या भावाने देणारा भेटेल. मुदत संपलेला माल पुन्हा निर्जंतुक करून देतो म्हणणाराही भेटेल. हा धागा दुसऱ्यांदा निर्जंतुक करायचा नसतो, तसे पाकिटावरच छापलेले असते.