उसातली अंबाडी

नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, माझी दोन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर नाव माझे, कसणूक वाटेकऱ्याची, आणि मी स्वतः बारामतीत पेन्शनवर बसलेला, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षे निर्वेध चालली होती. दिवाळीचा पाडवा उरकून उसाच्या पाहणीस गेलो, तेव्हा तोडणीला आलेल्या आडसालीच्या कडेला, पाटालगतच्या मोकळ्या पट्टीत, पुरुषभर उंचीची सात झाडे दिसली. पंजासारखी करवती पाने पाहून मला ती अंबाडीच वाटली; आणि यात सर्वस्वी माझेच अज्ञान होते असेही नाही, कारण अंबाडीचे शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनॅबिनस, म्हणजे गांजासारखी. शेंडा चुरगाळला तेव्हा मात्र बोटांना चीक लागला आणि उग्र दर्प आला.

सोबत टोरांटोहून आलेला पुतण्या होता. "काका, आमच्याकडे घरामागे चार झाडं लावायला मुभा आहे," तो हसून म्हणाला. खोटे नव्हते, १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात तसा कायदा आहे, जरी ओंटारिओत वयाची १९ वर्षे पुरी लागतात, बाहेर जवळ ३० ग्रॅमच बाळगता येतो आणि तोच सरहद्दीपार नेला की गुन्हा होतो. परंतु त्या हसण्याने माझी भीड चेपली, आणि वाटेकऱ्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे या विचाराने मी दोन दिवस मौन धरले.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी खबर दिली. मुळांसकट, चिखलासकट झाडे काट्यावर चढली आणि पंचनाम्यात माझे नाव आले.

वकिलांनी मग जे सांगितले ते प्रत्येक जमीनमालकाने आधीच ऐकून ठेवावे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ४६ असे की, आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळताच धारकाने तत्काळ वर्दी द्यावी, जाणूनबुजून कुचराई केल्यास तो शिक्षेस पात्र. कलम ४७ अन्वये हीच जबाबदारी सरपंचावरही आहे. लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हौसेपुरते एक झाड, अशी सवलत नाही. कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे, नुसती पाने नव्हेत; म्हणून, एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपुढे जामीन दुरापास्त, असा हिशेब जेथे असतो तेथे वजन कशाचे झाले हे वकिलाने विचारलेच पाहिजे. पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली तरी महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा शिवरात्रीच्या थंडाईने निर्धास्त होऊ नये.

झाड दिसले तर उपटू नका, जाळू तर मुळीच नका. गट नंबर घालून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. ती पोहोच माझ्यापाशी नाही.

तारखेला वाटेकरी आणि मी कोर्टात एकाच बाकावर बसतो, तो लागवडीबद्दल, मी मौनाबद्दल. नंतर मी त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडतो, आणि वाटेत आम्ही कालव्याचे आवर्तन कधी सुटणार एवढेच बोलतो.