आळशी, कामचुकार आणि हरामखोर
पाठ : मत्तय 20:1-16; 25:14-30

दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील आमच्या गांवांतून कोयते बाहेर निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी या भागांतील कुटुंबेंच्या कुटुंबें पोराबाळांसह ऊसतोडीस सोलापूर, सांगली, कोल्हापुराकडे व थेट कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळा लागतां परत येतात. या माणसांच्या कानांवर जे शब्द वारंवार पडतात, त्यांतील कांहीं आज आपण पारखून पाहूं. शिवी ती शिवी, तिच्यांत बारकावा कसला, असें एखादा वाचक म्हणेल. परंतु ज्याला ती लागते त्याला बारकावा पुरता कळतो.

पहिला शब्द आळशी. हा स्वभावाचा दोष सांगतो, आणि बहुधा घरचेंच माणूस तो सांगतें. आई लेकराला आळशी म्हणते आणि त्याच हातानें त्याच्या ताटांत भाकर वाढते. सुस्त हा त्याहून सौम्य. तो शरीराचा शब्द आहे, जेवण अंमळ जास्त झालें म्हणजे कष्टाळू माणूसही सुस्त होतो. रिकामटेकडा हा आळशाचा भाऊ वाटला तरी वेगळ्या घरचा आहे. काम नसणें आणि काम नको असणें या दोन गोष्टी त्यांत एकत्र बांधल्या आहेत, आणि बोलणारा त्यांतली कोणती तें सांगत नाहीं. ही लबाडी लक्षांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडेल.

कामचुकार ठरण्यास आधीं काम अंगावर घेतलेलें असावें लागतें. बांधावर निजलेला मोकळा माणूस आळशी असेल. फडांत पाचटाआड बसून राहणारा कामचुकार. कामचोर ही त्याच्या पुढची पायरी. येथें चुकविणें जाऊन चोरी आली, आणि चोरी म्हटली कीं कोणाचें तरी धन गेलें असें आपोआप ठरतें. ऐतखाऊ म्हणतांना तर बोलणाऱ्याची दृष्टि हातांवरून उठून तोंडाकडे जाते. हा किती राबतो यापेक्षां काय खातो तें मोजलें जातें.

हरामखोर हा अर्थानें ऐतखाऊच्या जवळचा, पण वजन फार निराळें. हराम म्हणजे धर्मानें निषिद्ध, आणि खोर म्हणजे खाणारा. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता व कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हां असे शब्द आमच्याकडे चावडीपासून पाणवठ्यापर्यंत रुळले यांत नवल नाहीं. त्याच्या उलट शब्द हलालखोर, म्हणजे हक्काचें खाणारा. मोगल काळीं झाडलोट करणाऱ्यांस हें नांव होतें. ज्यांना लोक दूर ठेवीत त्यांच्याच भाकरीला हा मान मिळावा, याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें. नमकहराम याहून खोल जातो: ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशींच बेइमानी.

आतां उचल घेतलेल्या मजुराचा विचार करा. हंगामापूर्वीं मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटते. मध्यें एक दिवस पडला तर त्यास खाडा म्हणतात, व खाड्याचा दंड अंगावर बसतो. तापानें पडलेला माणूस आळशी नव्हे, कामचुकारही नव्हे. परंतु त्याला ऐकावा लागतो तो हरामखोर. कां बरें? उचल ही पुढें करावयाच्या कामाची मजुरी असतां ती फुकट खाल्लेली भाकर म्हणून मोजली जाते. एकदां तसें मोजलें कीं दुखणें देखील बेइमानी ठरतें. मुकादमाच्या डोक्यावरही घेतलेल्या पैशाचें ओझें असतें, हें आम्ही जाणतों. तेवढ्यानें त्याचा शब्द खरा होत नाहीं.

बायकांची गोष्ट आणखी कठीण आहे. 2019 सालीं राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत 13,861 जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्या वेळीं जीं कारणें पुढें आलीं त्यांत पाळीच्या दिवसांतील खाड्याचें भय हेंही एक होतें.

आतां पाठाकडे वळूं. विसाव्या अध्यायांत बाजारांत उभ्या असलेल्या मजुरांस मूळ ग्रीक शब्द अर्गोस असा आहे. अ म्हणजे नाहीं, एर्गोन म्हणजे काम. ज्याला काम नाहीं तो. दिवस बुडावयास आला असतां धनी त्यांस विचारतो तेव्हां, आम्हांस कोणीं लावलेंच नाहीं, असें ते सांगतात, आणि धनी तें खरें मानून त्यांस मळ्यांत धाडतो. पंचविसाव्या अध्यायांत हातीं दिलेलें धन जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकरास मात्र ओक्नेरोस म्हटलें आहे, म्हणजे कचरणारा, पाय मागें घेणारा. त्याच्यापाशीं काम होतें, साधन होतें, अवधिही होता.

आमच्या रिकामटेकडा या शब्दानें हे दोघे एक करून टाकले. तोडीवरून परतलेला, गांवांत मजुरी नाहीं म्हणून पारावर बसलेला माणूस हा विसाव्या अध्यायांतला आहे. त्याला पंचविसाव्यांतलें नांव देणें ही खोटी साक्ष होय. उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवरही असें बोलणें चालतें, आणि आम्हींही तें केलें आहे. थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्रांतील वचन (3:10) अशा वेळीं पुढें केलें जातें. परंतु पौल तेथें काम करण्याची इच्छा नसलेल्याविषयीं लिहितो. गरिबाच्या तोंडावर तें वचन फेकणारे इच्छा हा शब्द तेवढा गिळून टाकतात. शिवाय अर्गोस हाच शब्द बाराव्या अध्यायांतही (36) आहे, आणि तेथें तो माणसाला नव्हे तर बोलण्याला लावला आहे. ज्याचा हिशोब न्यायाच्या दिवशीं द्यावयाचा तें हें बोलणें.

एक शब्द राहिला, निरुपयोगी. धन पुरणाऱ्या चाकरास धन्यानें हा लावला (25:30), आणि सांगितलेलें सर्व करून आलेले दास लूक 17:10 मध्यें स्वतःस तोच लावतात. ग्रीकमध्यें दोन्हीकडे आख्रेइओस. दुसऱ्यानें दिला तेथें निवाडा, स्वतः घेतला तेथें नम्रता. आमच्याकडे एखादें म्हातारें माणूस जन्मभर कोयता चालवून, घट्टे पडलेले हात पुढें करून म्हणतें, "आमच्यानं काय झालं, बाबा, आम्ही आळशी माणसं." त्याला 'खरें आहे' असें उत्तर देणारा अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.